वाचून पाहिले, समजून घेतले

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गौरी-गणपती आटोपून आम्ही चाकरमानी मंडळी मुंबई-ठाण्याला परतलो, घरोघरी आणलेले नारळ, तवशी आणि कोकमे संपायला आली, आणि आता गावाकडच्या गोष्टी पुढच्या वर्षापर्यंत मागे पडतील. तशा त्या मागे पडण्यापूर्वी एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावी असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. ती माझ्याच घरातली आहे आणि तिच्यात चूक माझी आहे, त्यामुळे नावे देत नाही. परंतु कोकणात, आणि घाटावरही, ज्या घरांत वडील गेल्यावर बहिणीची सही घेतली गेली आहे, अशा प्रत्येक घराला ती थोडीफार ओळखीची वाटेल.

आमचे मूळ घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात. आम्ही तीन भावंडे. थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, १९८१ साली कोल्हापूरकडे, म्हणजे आमच्या भाषेत घाटावर, दिलेली. मधला मी, मुंबईत बँकेत नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालेला. धाकटा भाऊ गावी राहून शेती-बागायत सांभाळतो. आई आधीच गेली होती. वडील २००८ च्या आषाढात गेले. तेराव्याचे जेवण झाले आणि चौदाव्या दिवशी सकाळी, आक्का दुपारच्या एसटीने परत जाणार म्हणून घाईघाईने, आम्ही दोघे भाऊ तिला तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेलो. ‘वारसांच्या नोंदीला तुझी सही लागते’ असे मी तिला सांगितले. प्रत्यक्षात तो दस्त हक्कसोड पत्राचा होता, आणि त्यात शेताबरोबर राहते घरही लिहिलेले होते.

कार्यालयाच्या बाकावर बसल्या बसल्या तिने मला विचारले होते, ‘वाचून दाखवतोस काय जरा?’ चष्मा ती घरी विसरली होती. मी म्हणालो, ‘वाचायचं काय त्यात, आपलंच तर आहे.’ माझे हे वाक्य मी आज सतरा वर्षांनंतरही जसेच्या तसे देऊ शकतो, कारण ते मी नंतर पुष्कळदा ऐकले आहे, माझ्याच आवाजात.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. मी बँकेत तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. ज्या कर्जदाराला इंग्रजी येत नसे त्याला कागदातला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि तसे केल्याची नोंद घेऊन मगच सही किंवा अंगठा घ्यायचा, हा आमच्या रोजच्या कामाचा भाग होता. परक्या माणसाच्या म्हशीच्या कर्जासाठी मी जे न चुकता केले, ते सख्ख्या बहिणीसाठी केले नाही. अजाणतेपणी राहून गेले असेही म्हणता येणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी अजूनही घराघरांत गैरसमज आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बहुतेक भावांच्या डोक्यात ‘लग्न झालेल्या बहिणीला काही नाही’ हे पक्के बसले. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच हक्कदार ठरली. त्याच दुरुस्तीने मूळ कायद्यातले तेविसावे कलमही काढून टाकले. भाऊ वाटप मागत नाहीत तोवर बहिणीने राहत्या घराचे वाटप मागायचे नाही, अशी त्या कलमाची अडवणूक होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात, हा हक्क जन्माने मिळतो आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हेही स्पष्ट केले. आमचे वडील तर २००८ साली गेले. म्हणजे आक्काचा एक तृतीयांश हिस्सा अगदी निर्विवाद होता. आमच्या ओळखीच्या वकिलांनी हे आम्हा भावांना तेराव्याच्या आधीच सांगितले होते. नवा कायदा कळला म्हणूनच आम्ही घाई केली.

आक्काला हे कळले दोन वर्षांनी, आणि तेही भांडणात. परसातला फणस तोडायचा बेत धाकट्याने केला होता. तो फणस आईने लावलेला. आक्का तेव्हा गावी आली होती, ती म्हणाली, ‘आवशीनं लावलेलो, तोडू नको.’ शब्दाला शब्द वाढला आणि धाकटा बोलून गेला, ‘तुझो आता हक्क काय? तू लिहून दिलंस मां!’ तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. ती त्याच संध्याकाळी निघून गेली, आणि पुढची पंधरा वर्षे आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तिचे पाऊल पडले नाही.

या पंधरा वर्षांत काय झाले ते फार सांगण्यासारखे नाही, कारण काहीच झाले नाही. तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली, आम्ही आहेराचे पाकीट पोस्टानेच पाठवले आणि ते उघडले न जाता परत आले. माझ्या मुलीच्या लग्नात मामा-मावश्या सगळ्या होत्या, आत्या नव्हती. फसवून सही घेतल्याचे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दस्त रद्द करून मागण्याचा दावा लावता येतो. तिच्या मुलाने तसे तिला सुचवलेही होते, हे मला आता कळले. ती त्याला म्हणाली होती, ‘भावांना कोर्टात उभं करून मी राहू कुठं, कोर्टात?’ मुदत २०१३ साली संपली. आम्ही भाऊ मात्र ‘तिने दावा लावला नाही म्हणजे तिचे काही म्हणणे नसावे’ असा सोयीचा अर्थ काढून निवांत होतो.

माझे डोळे उघडले ते माझ्या मुलीमुळे. निवृत्तीनंतर मी डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत सदनिकेच्या नामनिर्देशनाचा अर्ज भरत होतो. मुलाचे नाव लिहिले आणि सहज मुलीला फोन करून तसे सांगितले. ती हसत म्हणाली, ‘बाबा, आत्याकडून घेतलीत तशी माझी सही कधी घ्यायला येणार, तेवढं सांगा म्हणजे मी रजा टाकते.’ तिला हे सगळे ठाऊक होते याचीच मला कल्पना नव्हती. तिच्या आईने सांगितले होते म्हणे.

त्या रात्री मी कपाटातून तो दस्त काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. ‘लिहून घेणार’ म्हणून आम्ही दोघे, ‘लिहून देणार’ म्हणून ती. खाली गट नंबर, चतुःसीमा, घराचा ग्रामपंचायतीकडील मिळकत क्रमांक. आणि शेवटी ते ठरलेले वाक्य: ‘सदरचा दस्त मी वाचून पाहिला, समजून घेतला असून तो मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिला आहे.’ त्याच्यामागच्या पानावर निबंधक कार्यालयाच्या संगणकाने घेतलेला तिचा लहानसा फोटो आणि शेजारी अंगठ्याचा ठसा. फोटोत तिचे डोळे सुजलेले आहेत. चौदा दिवस रडलेल्या बाईचा तो फोटो आहे, आणि त्याच्या आधीच्या पानावर राजीखुशी लिहिलेली आहे.

मी तिला फोन केला. आधी तिच्या सुनेने उचलला, मग बराच वेळ काही ऐकू येईना, आणि मग ती आली. मी म्हटले, ‘आक्का, यंदा गौरीला ये.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आमंत्रण करतोयस का बोलावतोयस?’ चव्वेचाळीस वर्षे घाटावर काढल्याने तिची भाषा आता निम्मी कोल्हापूरची झाली आहे. मी म्हटले, ‘बोलावतोय. आणि तो कागद तुला वाचून दाखवायचा राहिलाय.’ त्यावर तिने फोन ठेवला. येणार की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. धाकट्याला मी हे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘इली तर येऊंदे.’

यंदा, म्हणजे २०२५ साली, चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरीपूजन १ सप्टेंबरला. पूजनाच्या दिवशी दुपारी तिच्या मुलाची गाडी फोंडाघाट उतरून आली. धाकट्याची बायको पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन खळ्यात उभीच होती. तिने आक्काच्या पायांवर पाणी घातले, तुकडा ओवाळून टाकला. आदल्याच दिवशी त्याच जागी, त्याच तांब्याने गौरीला घरात घेतले होते. गौर ही माहेरवाशीण म्हणून तीन दिवस येते, हे आपण दरवर्षी आरतीच्या वेळी कौतुकाने एकमेकांना सांगतो. मी यापुढे ते सांगायच्या आधी जरा थांबेन, एवढेच म्हणतो.

धाकटा मात्र बागेतून लवकर परतलाच नाही. दिवेलागणीला आला, आक्काकडे न बघता ‘इलंस?’ म्हणाला, आणि पाय धुवायला विहिरीवर गेला. जेवणात वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे होते. कोणी काही बोलत नव्हते. फक्त आक्काने वर बघून गणपतीवरच्या माटवीकडे, म्हणजे रानफळे-पाने बांधलेल्या लाकडी चौकटीकडे, बोट दाखवले आणि म्हणाली, ‘कवंडळं एका अंगाला कशी ओ बांधलीत सगळी?’ वास्तविक ती दरवर्षी अशीच बांधली जातात, कारण दुसऱ्या बाजूचा वासा वाळवीने पोखरला आहे. धाकट्याने ते समजावून सांगितले. पंधरा वर्षांत दोघांमध्ये झालेले हे पहिले संभाषण, वाळवीविषयी.

रात्री भजनी मंडळी चहा-उसळ घेऊन पुढच्या घरी गेल्यावर आम्ही तिघे पडवीत बसलो आणि मी दस्त वाचायला घेतला. सगळा वाचला. गट नंबरांसह, चतुःसीमांसह. सोळा पाने वाचायला अर्धा तास लागला असेल. सतरा वर्षांपूर्वी तो अर्धा तास आमच्याकडे नव्हता, एसटी चुकली असती. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मधे तिने दोनदा थांबवले. एकदा म्हणाली, ‘माझ्या सासरच्या गावाचं नाव चुकीचं घातलंय.’ खरेच चुकले होते. आणि दुसऱ्यांदा, घराची चतुःसीमा वाचताना, ‘पूर्वेस फणसाचे झाड’ हे शब्द आले तेव्हा. ‘परत वाच,’ म्हणाली. मी परत वाचले.

वाचून संपल्यावर मी क्षमा मागितली. ती काय म्हणाली ते येथे देत नाही, कारण ते छापण्यासाठी बोललेले नव्हते. ती रडली नाही, हे मात्र सांगतो. आपल्याकडे अशा प्रसंगांच्या गोष्टी सांगताना सगळ्यांना रडवण्याची पद्धत आहे. सकाळी धाकट्याने तिला पडवीच्या दाराशी नेले आणि म्हणाला, ‘ह्यो तोच फणस.’ त्या लाकडाचे त्याने दार केले होते. तिने फळीवरून हात फिरवला, बिजागरीचा एक खिळा सैल झाला आहे असे त्याला दाखवले, आणि चहा मागितला.

संपादक महोदय, एवढ्यावर गोष्ट मिटली असती तर हे पत्र लिहिण्याची गरज नव्हती. आम्ही दोघा भावांनी ठरवले की निदान राहत्या घरात तरी तिचा हिस्सा तिच्या नावावर परत करायचा. शेताबद्दल धाकट्याचे मन अजून तयार नाही आणि ते मी त्याच्यावर लादू शकत नाही, कारण कसतो तो. परंतु घराच्या बाबतीत चौकशी केली तेव्हा जे कळले ते आपल्या वाचकांना, आणि जमल्यास शासनालाही, कळावे असे वाटते. बहिणीने भावाच्या लाभात वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क विनामोबदला सोडला तर राज्यात मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. कित्येक वर्षे ते २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झाले. पण तोच हिस्सा भावाने बहिणीला परत द्यायचा झाला तर हक्कसोड करता येत नाही, कारण ती आता हिस्सेदारच राहिलेली नाही. बक्षीसपत्र करावे लागते, आणि भाऊ-बहिणीतल्या बक्षीसपत्राला बाजारमूल्यावर शेकडा ३ मुद्रांक शुल्क आहे, वर स्थानिक अधिभार वेगळा. मुलाला, मुलीला, नातवाला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर हीच आकारणी नाममात्र आहे. बहिणीकडून घेणे स्वस्त, बहिणीला परत देणे महाग, असा हा हिशेब आहे. ज्या भावाला उशिरा का होईना सुबुद्धी झाली त्याला तरी सरकारने अडवू नये. पूर्वी हक्कसोड घेतलेल्या बहिणीला तीच मिळकत परत करणाऱ्या दस्तावर तेवढेच नाममात्र शुल्क ठेवावे, ही माझी विनंती आहे. यातून तिजोरीचे फार नुकसान होईल असे मला वाटत नाही. परत देणारे भाऊ किती असतील याचा अंदाज सर्वांनाच आहे.

दुसरी विनंती निबंधक कार्यालयांच्या कामाबद्दल. दस्त लिहून देणाऱ्याला ‘हा दस्त तुम्हाला कबूल आहे का’ असे विचारण्याची पद्धत आहे, आणि आक्कालाही तसे विचारले गेले होते. तिने मान हलवली, कारण शेजारी दोन भाऊ उभे होते आणि तिला वाटत होते की ती वारसनोंदीला कबुली देत आहे. हक्कसोडीचा दस्त असेल तेव्हा लिहून देणाऱ्या बाईला बाजूला बसवून, लिहून घेणारे समोर नसताना, ‘यामुळे तुमचा या घरातला आणि जमिनीतला हक्क कायमचा संपतो’ हे एक वाक्य सोप्या मराठीत सांगावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक मदत मिळू शकते आणि तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. ही माहिती त्या कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लावता येईल. आमच्या वेळी भिंतीवर ‘दलालांपासून सावध’ असा फलक होता. भावांचा उल्लेख त्यात नव्हता.

हेही नमूद करतो की बहिणींनी स्वतःहून, समजून उमजून हक्क सोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्यात काही वावगे नाही. भाऊ गावी राहतो, आई-बापांचे त्याने केले, म्हणून बहीण म्हणते की मला नको. ते तिचे देणे असते. आमच्या शेजारच्या वाडीत महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेली तेव्हा सातबारावर जितकी नावे तितक्यांना नोटिसा आल्या, इतर हक्काच्या रकान्यात वर्षानुवर्षे पडून असलेल्या आत्या-बहिणींची नावे एकदम जिवंत झाली, आणि दोन घरांत मोबदल्याच्या वाटणीचा वाद होऊन रक्कम न्यायालयात अडकली. तिसऱ्या घरात तीन बहिणींनी संमती दिली आणि एका दिवसात काम झाले. फरक एवढाच होता की तिसऱ्या घरात विचारले गेले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, वर्षश्राद्ध झाल्यावर, सगळे एकत्र बसलेले असताना. आक्काला आम्ही तसे विचारले असते तर तिनेही बहुधा ‘नको’च म्हटले असते. हे तीच म्हणाली, पडवीत, दस्त वाचून झाल्यावर.

बक्षीसपत्राचा मसुदा कणकवलीच्या दस्तलेखकाकडून तयार करून घेतला आहे. मूल्यांकन काढले आहे. पैशाची जुळवाजुळव मी माझ्या निवृत्तीच्या रकमेतून करतो आहे. यावेळी मसुदा महिनाभर आधी आक्काला टपालाने पाठवला. गेल्या आठवड्यात तो परत आला. तिने चष्मा लावून, शाळेतल्या बाईंसारखा लाल पेनाने तपासला होता. सासरच्या गावाचे नाव दुरुस्त केले होते, आणि चतुःसीमेत पूर्वेस ‘फणसाचे झाड’ हे जुन्या दस्तावरून जसेच्या तसे उतरले होते ते खोडून तिने लिहिले होते: ‘झाड नाही. विहिरीची वाट.’

कृपया आमची नावे व गावाचे नाव न छापता हे पत्र प्रसिद्ध करावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली